भर उन्हाळ्यात जर्मनीत पोचताय? आधी खोली थंड ठेवायला शिका, मग कागदपत्रं

जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीत येणाऱ्या मराठी मंडळींची संख्या मोठी आहे. कुणाचा ऑक्टोबरच्या सत्राआधीचा भाषावर्ग असतो, कुणाची एक ऑगस्टपासून नोकरी सुरू होणार असते, कुणी नवऱ्याकडे किंवा बायकोकडे येत असतं. सगळ्यांच्या बॅगेत जाड जॅकेट असतं, थर्मल असतात. उन्हाची तयारी मात्र फारशी कुणी करत नाही. ‘आम्ही अकोल्याचे, आम्हाला पस्तीस डिग्रीचं काय!’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की हा लेख लिहायलाच घेतला.

मी कार्ल्सरूहला राहतो. ऱ्हाइन नदीचं हे खोरं दोन्हीकडच्या डोंगररांगांमध्ये अडकलेलं आहे आणि देशातल्या सर्वांत उष्ण भागांपैकी एक आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये इथे ४०.२ अंश नोंदले गेले. आता देशाचा विक्रम ४१.२ अंशांचा आहे, तो २५ जुलै २०१९ ला पश्चिमेकडे ड्युइसबुर्गच्या भागात झाला. आकडा पाहून विदर्भातला माणूस म्हणेल, एवढंच? पण २००३ च्या त्या उन्हाळ्यात युरोपभर सुमारे ७० हजार माणसं गेली. त्यांतली कितीतरी म्हातारी माणसं होती, आणि स्वतःच्या घरातच गेली.

३५ अंश इथे जड का जातात

इथली घरं थंडीसाठी बांधलेली असतात. जाड भिंती, भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर, दुहेरी-तिहेरी काचा. घर म्हणजे थर्मासच. आत गेलेली उष्णता बाहेर येत नाही. छताला पंखा नसतो, बहुतेक घरांत एसी नसतो. दुसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास. आपल्याकडे दोन-तीनला ऊन कळसाला पोचतं, इथे कमाल तापमान संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान असतं. आणि जून-जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड. ‘ऊन उतरलं की बाहेर पडू’ म्हणून पाचला निघालात तर सगळ्यात वाईट वेळ गाठली म्हणून समजा.

म्हणून पहिल्या पंधरवड्याची आखणी सूर्याकडे बघून करा. बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत. दुपारी बंद खोलीत बसून फॉर्म, ईमेल, अभ्यास. खरेदी किंवा फेरफटका रात्री आठनंतर. एवढं पाळलंत तर बाकीचं निभतं.

निघण्याआधी

सुती कपडे, टोपी आणि छत्री हाताशी राहतील असे भरा. इथे उन्हात छत्री धरणारा माणूस क्वचित दिसतो, पण तुम्ही खुशाल धरा. चार्जिंगचा छोटा पंखा आणायचा असेल तर तो केबिन बॅगेत ठेवा, लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू चेक-इन सामानात घालू नयेत. ओआरएसची पाकिटं आणि कोकम आगळाची सीलबंद बाटली जरूर घ्या. बाटली मात्र चेक-इनमध्ये, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून. आगळ सांडलं तर त्याचा रंग कपड्यांतून जात नाही.

आईनं प्रेमानं भरून दिलेला हापूस मात्र आणू नका. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. कढीपत्ताही याच नियमात अडकतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तर सरळ बंदच, म्हणजे तूप, पेढे, खवा हे सगळं घरीच ठेवून या. कस्टमवाल्यांनी पकडलं तर माल जप्त होतो.

रोजची गोळी चालू असेल, विशेषतः रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा की कडक उन्हाळ्यात मात्रा बदलायची का. स्वतःच्या मनानं काही करू नका. इन्सुलिन थंड पिशवीत, हातातल्या सामानात.

उतरता तो दिवस

मुंबईहून रात्री सुटणारी विमानं बहुधा सकाळी पोचतात. घराची किल्ली मात्र अनेकदा दुपारी तीननंतर मिळते. मधले तास दोन मोठ्या बॅगा ओढत उन्हात काढू नका. मोठ्या रेल्वे स्थानकांवर सामान ठेवायला लॉकर असतात, जर्मन भाषेत श्लीसफाख. तिथे बॅगा टाका आणि शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसा. आत कुणी अडवत नाही. जुन्या दगडी चर्चमध्येही चांगला गारवा असतो, शांतपणे बसलात तर कुणाची हरकत नसते. अनेक शहरांनी अशा थंड जागांचे नकाशे आपल्या संकेतस्थळांवर टाकलेत, निघण्याआधीच शोधून ठेवा.

पोचलात तो दिवस शनिवार असेल तर लगेच दुकान गाठा. रविवारी सगळी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्थानकांतली काही उघडी असतात. दूध, ब्रेड, फळं, दह्याचा डबा एवढं तरी घरात हवं.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. नळाचं पाणी, लाइटुंग्सवासर, थेट पिता येतं. दुकानातली बाटली घ्यायचीच असेल तर लेबल बघा, ‘श्टिल’ लिहिलेलं नसेल तर बहुतेक वेळा ते सोड्याचं पाणी निघतं. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, ती रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. बाटली चेपून टाकू नका, यंत्र घेत नाही.

खोली

हा भाग नीट वाचा. इथल्या बहुतेक खिडक्यांची मूठ तीन जागी फिरते. खाली केली की बंद. आडवी केली की खिडकी दारासारखी आत उघडते. सरळ वर केली की खिडकी वरच्या बाजूनं थोडी तिरकी होते, याला किप्पेन म्हणतात. मूठ फिरवायची ती खिडकी चौकटीला पूर्ण टेकवूनच. उघड्या खिडकीची मूठ वर केलीत तर एक बिजागर सुटून अख्खी खिडकी एका कोपऱ्यावर लोंबकळते. घाबरायला होतं, पण बहुधा मोडलेलं नसतं. खिडकी हातानं धरून चौकटीला लावा आणि मूठ परत फिरवा.

आता नियम. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तेव्हाच खिडकी उघडायची. म्हणजे रात्री उशिरा आणि पहाटे. त्या वेळी नुसती तिरकी करून भागत नाही. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, मधलं दार अडकवून ठेवा, वारा आरपार जाऊ द्या. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बाहेरची हवा तापायला लागली की सगळं बंद. आपल्याला सवय असते दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची, त्यामुळे हे सुरुवातीला घुसमटल्यासारखं वाटतं. पण दुपारी दोनला खिडकी उघडलीत तर ती सगळी गरम हवा आणि तिनं तापलेल्या भिंती रात्रभर तुमच्या सोबतीला. तळमजल्यावर राहात असाल तर रात्री खिडकी सताड उघडी टाकून झोपू नका, पहाटे उठून उघडा.

खिडकीबाहेर गुंडाळणारा पडदा असतो, रोलाडेन. आतून एक पट्टा असतो, तो सैल सोडला की फळ्या खाली येतात. सूर्य त्या खिडकीवर यायच्या आधी तो खाली करायचा. पूर्वेची खिडकी पहाटेच, पश्चिमेची दुपारच्या आत. ऊन काचेतून आत शिरलं की आतला पडदा फारसं काही करू शकत नाही, अडवायचं ते बाहेरच. रोलाडेन नसेल तर घरमालकाला विचारून काचेच्या बाहेरच्या बाजूला पांढरं कापड किंवा प्रथमोपचाराच्या पेटीतली ती चकचकीत चांदीची चादर लावा. स्वस्तात मिळते.

पंखा घ्यायचा तर पोचल्या पोचल्या घ्या. उष्णतेची लाट जाहीर झाली की दुकानांतले पंखे बघता बघता संपतात. बाउमार्क्ट म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाची मोठी दुकानं, तिथे बघा. रात्री उघड्या खिडकीजवळ पंखा ठेवून बाहेरची हवा आत ओढायची. भिंतीवर बसवायचा एसी घरमालकाच्या परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि खिडकीतून नळी बाहेर काढायचा फिरता एसी इतका आवाज करतो की रात्री दहानंतर शेजारी दार वाजवू शकतात. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ इथे गांभीर्यानं पाळतात.

घर अजून ठरलं नसेल तर एवढंच सांगतो: छपराखालची, दाखगेशोस म्हणतात ती खोली फोटोत सुंदर दिसते आणि पुष्कळदा स्वस्त पडते, पण ऑगस्टमध्ये तिथे झोप लागत नाही. माझ्या मते जाड भिंतींचं जुनं घर, मधला मजला, बाहेर झाड, हे पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चांगलं. स्टुटगार्टला जाणाऱ्यांनी याचा आणखी विचार करावा, ते शहर वाटीसारख्या खोलगट भागात आहे आणि उष्णता तिथे साचून राहते. अनामत रक्कम, काउत्सिओन, मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, हा कायदा आहे. आणि घर न दाखवता पैसे मागणारा माणूस भेटला तर तिथेच थांबा.

स्वयंपाक

शेगडी खोली तापवते. भात, वरण, भाजी सकाळी सातच्या आत उरकून टाका. आणि एक लक्षात असू द्या: छताला पांढरी चकती दिसते तो धूरसूचक आहे, प्रत्येक राज्यात कायद्यानं सक्तीचा. खिडक्या बंद करून मिरचीची फोडणी दिलीत तर तो वाजायला लागतो. फोडणी पहाटेच्या उघड्या खिडकीत, कमी आचेवर, झाकण ठेवून. सूचक काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं हा उपाय नाही, जिवाशी खेळ आहे.

ताकाची सोय उत्तम होते. कुठल्याही सुपरमार्केटच्या दुधाच्या फ्रीजमध्ये ‘बटरमिल्श’ असतं. तेवढंच पाणी घालून मीठ, जिरेपूड, आल्याचा कीस टाका, जेवताना घरचंच वाटेल. तुर्की दुकानात ‘आयरान’ मिळतं, ते आधीच खारट असतं. आशियाई दुकानात कधीकधी कैरी दिसते, दिसली की घ्या आणि पन्ह्याचा गर करून ठेवा. कांदे-बटाटे खोलीत ठेवू नका, इमारतीच्या तळघरात बहुतेक भाडेकरूंना एक छोटी कोठी मिळते. ती उन्हाळ्यातही गार असते.

कागदपत्रं

पहिलं काम पत्ता नोंदवायचं, आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते करायचं असतं. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकानं सही करून दिलेलं राहण्याचं प्रमाणपत्र लागतं. त्या शेवटच्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. जीभ वळत नाही, पण त्याच्याशिवाय खिडकीवरचा माणूस तुम्हाला परत पाठवतो. नुसता भाडेकरार चालत नाही. तात्पुरती खोली घेताना आधीच विचारा, इथे आनमेल्डुंग करता येईल का. मालक नाही म्हणाला तर दुसरी बघा.

वेळ, म्हणजे टेर्मिन, भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा, आणि सकाळची पहिली घ्या. बरीच कार्यालयं दुपारनंतर तशीही बंद होतात, आठवड्यातला एखादाच दिवस संध्याकाळपर्यंत चालू असतात. मोठ्या शहरांत महिनाभर वेळ मिळत नाही असंही होतं. अशा वेळी रोज सकाळी संकेतस्थळ बघत राहा, रद्द झालेल्या वेळा तिथेच दिसतात. वेळ मागितल्याचा पुरावा, ईमेल वगैरे, जपून ठेवा.

टपालपेटीवर आणि बेलच्या पाटीवर तुमचं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवा. साध्या कागदावर लिहिलं तरी चालेल. इथे फ्लॅटला क्रमांक नसतात, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड हे सगळं टपालानंच येतं.

विम्याचं कार्ड यायला काही आठवडे लागतात. तोवर विमा कंपनीकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, एर्झात्सबेशाइनिगुंग. ते दाखवून डॉक्टरकडे जाता येतं. ऑगस्टमध्ये बरेच डॉक्टर सुट्टीवर असतात, दारावर चिठ्ठी असते आणि तिच्यावर बदली डॉक्टरांचं नाव-पत्ता. तिथे जायचं.

नोकरी सुरू झाली असेल तर हेही माहीत असू द्या: कामाच्या खोलीत ३० अंशांच्या वर तापमान गेलं की मालकानं काहीतरी उपाय करणं बंधनकारक आहे. पंखे, पाणी, कामाच्या वेळा अलीकडे आणणं, असं काही. ३५ च्या वर गेलं तर विशेष उपायांशिवाय ती खोली कामाला योग्य धरली जात नाही. नवीन माणूस म्हणून गप्प बसू नका. ‘सकाळी लवकर येऊ का?’ असं नुसतं विचारलं तरी बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

नदी आणि तळी

उन्हाळ्याच्या बातम्यांत दर वर्षी बुडालेल्या माणसांच्या बातम्या असतात, आणि त्यांत आपल्याकडून नुकतीच आलेली तरुण मुलंही असतात. हे लिहिताना हात जड होतो. ऱ्हाइनमध्ये पोहू नका. वरून संथ दिसते, पण प्रवाहाचा जोर मोठा आहे, काठाच्या दगडी बांधांमागे भोवरे असतात आणि मोठी जहाजं जाताना पाणी ओढलं जातं. आमच्या भागात बागरझे खूप, म्हणजे वाळू-खडी काढून झालेल्या खाणींची तळी. त्यांचा काठ चार पावलं उथळ असतो आणि मग एकदम तुटतो. वरचं पाणी कोमट, दोन मीटर खाली गारठवणारं. तापलेल्या अंगानं उडी मारली की श्वासच अडकतो.

जायचं तर फ्राइबाडमध्ये, म्हणजे उघड्या तरणतलावात जा, तिथे जीवरक्षक असतो. तळ्यावर गेलात तर वर लाल, खाली पिवळा असा झेंडा शोधा, तो असेल तर जीवरक्षक हजर आहेत. नुसता पिवळा म्हणजे मुलांनी आणि न पोहणाऱ्यांनी उतरू नये. लाल म्हणजे कुणीच नाही. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीही हे पाळावं. आणि गवतात बसून आलात की गुडघ्यामागे, काखेत गोचीड आहे का बघा. दक्षिण जर्मनीत तिच्यातून मेंदूज्वर होऊ शकतो, त्याची लस मिळते, डॉक्टरांशी बोलून घ्या.

आई-बाबा येणार असतील

शेंगेन व्हिसावर ९० दिवस, म्हणून बरेच जण आई-वडिलांना उन्हाळ्यातच बोलावतात. वयस्कर माणसाला तहान लागलेली कळत नाही. शिवाय परक्या घरात, मुलाला-सुनेला त्रास नको म्हणून त्या दोघांची पाणी मागायलाही कुचंबणा होते. त्यांच्या उशाशी तांब्या-भांडं भरून ठेवा आणि दर तासाला स्वतः प्यायला द्या. तुम्ही कामावर असाल तर दुपारी फोन करा. त्यांना सगळ्यात थंड खोली द्या, पाहुण्यांची म्हणून वरची नको. व्हिसासाठी ३० हजार युरोंचा विमा लागतो, पण आधीपासूनच्या आजारांना तो किती चालतो हे पॉलिसीत वाचून घ्या.

इशारे आणि आजारपण

जर्मन हवामान खात्याचं ‘वॉर्नवेटर’ आणि आपत्तीच्या इशाऱ्यांचं ‘नीना’, ही दोन्ही ॲप फोनवर घ्या. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दोन पायऱ्या आहेत. अंगाला जाणवणारं तापमान ३२ च्या वर जाणार असेल तर पहिली, ३८ च्या वर असेल तर दुसरी. लाट मोडताना बहुधा जोराचं वादळ आणि गारा येतात, तेव्हा बाहेर जाण्याआधी खिडक्या लावा.

डोकं जड, पायात गोळे, मळमळ, भरपूर घाम, अशक्तपणा असेल तर सावलीत आडवं व्हा, पाय वर, ओल्या फडक्यानं अंग पुसा. ओआरएस संपलं असेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्या. तासाभरात बरं वाटलं नाही तर ११६११७ हा क्रमांक लावा. दवाखाने बंद असताना डॉक्टर मिळवून देणारी ही सेवा आहे.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. तिथे वाट बघायची नाही, ११२. हा क्रमांक फुकट आहे. इंग्रजीत बोललात तरी सहसा चालतं. रस्त्याचं नाव, घर क्रमांक, मजला आणि बेलवरचं आडनाव सांगा, समोरचा थांबा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत मान, काखा, जांघा यांवर थंड ओलं कापड ठेवा, पंखा लावा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, आणि कुणाला तरी खाली इमारतीचं दार उघडायला पाठवा.